घरातलं बोलणं बाहेर जातंय अशी शंका आली, तर काय आणि कसं तपासायचं

चोरून ऐकणारं यंत्र कितीही लहान असलं तरी त्याला तीन गोष्टी लागतातच: आवाज पकडणारा माइक, चालायला वीज आणि ऐकलेलं बाहेर पाठवायला मार्ग. माइक आता तीन-चार मिलिमीटरचा मिळतो आणि त्याला एक मिलिमीटरचं भोक पुरतं. त्यामुळे थेट माइक शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परततो. वीज आणि मार्ग लपवणं मात्र खूप अवघड आहे. शोध घ्यायचा तो या दोन गोष्टींचा.

विजेचा हिशेब आधी पाहू. मोबाइल नेटवर्कवरून सतत आवाज पाठवणारं यंत्र साधारण दीडशे ते अडीचशे मिलिअँपिअर खातं. ५०० एमएएचची छोटी बॅटरी त्यावर दोन-तीन तास टिकते. नुसतं वाट पाहत पडून राहिलं तर काही दिवस जातात, पण मग कुणीतरी येऊन ते चार्ज करावं लागतं. म्हणूनच महिनोन्‌महिने चालायचं यंत्र जवळपास नेहमी २३० व्होल्टच्या आधारानं बसवलेलं असतं: एक्स्टेंशन बोर्ड, मोबाइलचा चार्जर, स्विचबोर्डची रिकामी प्लेट, सेट-टॉप बॉक्सची मागची बाजू, एसीचं आतलं युनिट, फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याची वायर.

मात्र या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी. पहिली, शंका त्याच खोलीत बोलून दाखवू नका आणि शोध सुरू करताना रोजच्या फोनवर त्याबद्दल काही सर्च करू नका. फोनमध्येच गडबड असेल तर समोरच्याला लगेच कळतं. दुसरी, घरातल्याच कुणाकडून त्रास किंवा मारहाण होत असेल तर यंत्र सापडलं तरी ते तडकाफडकी काढू नका. आवाज अचानक बंद झाला की लावणारा सावध होतो आणि चिडतोही. अशा वेळी मैत्रिणीच्या किंवा शेजाऱ्यांच्या फोनवरून महिला हेल्पलाइन १८१ किंवा तातडीच्या प्रसंगी ११२ ला फोन करणं हे शोधकामापेक्षा महत्त्वाचं आहे.

सुरुवात फोनपासून

भिंतीत यंत्र पुरायला वेळ, हत्यारं आणि कौशल्य लागतं. फोनला लागतो फक्त पासकोड आणि पाच-दहा मिनिटं एकांत. त्यामुळे ओळखीच्या माणसावर संशय असेल तर सर्वांत आधी फोन तपासायचा.

अँड्रॉइड १२ पासून कोणतंही ॲप माइक वापरत असेल तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनवर आयओएस १४ पासून नारिंगी ठिपका दिसतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला की गेल्या २४ तासांत कोणत्या ॲपनं किती वाजता माइक वापरला ते वेळेसह दिसतं. रात्री अडीच वाजता ‘सिंक सर्व्हिस’ किंवा ‘सिस्टिम हेल्पर’ अशा मोघम नावाच्या ॲपनं माइक घेतला असेल तर तिथे थांबून पाहायला हवं. पाळत ठेवणारी ॲप अशाच नावांनी लपतात.

पुढे ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन ॲप्स, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी’ या चार याद्या बघा. तुम्ही स्वतः न दिलेली परवानगी इथे सापडते. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं दिसलं तर ते जवळजवळ नक्कीच कुणीतरी मुद्दाम केलंय, कारण अशी ॲप चढवण्याच्या सूचनांमध्ये पहिली पायरी तीच असते. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे. कोणाला काय शेअर होतंय ते एका ठिकाणी दिसतं आणि बंद करता येतं. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी संगणक जोडलेला आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

फोन फॅक्टरी रीसेट करणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून गुगल किंवा ॲपलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग-आउट करा आणि मगच रीसेट करा. जुना बॅकअप जसाच्या तसा परत चढवला तर घाणही परत येते. ॲप एकेक करून नव्यानं घ्या.

घरातला जुना, ड्रॉवरमध्ये पडलेला फोनही तपासाच. फोनमध्ये कॉल आपोआप उचलण्याची सोय असते. रिंग बंद, स्क्रीन काळी, आपोआप उत्तर चालू आणि चार्जरला जोडलेला, असा फोन कपाटावर ठेवला की वेगळं यंत्र विकत घ्यायची गरजच उरत नाही.

आपणच आणलेले माइक

स्मार्ट स्पीकर आपल्यावर हेरगिरी करतो का, हा प्रश्न लोक कंपनीच्या संदर्भात विचारतात. घरातल्या पाळतीच्या दृष्टीनं खरा प्रश्न वेगळा आहे: त्याचं खातं कोणाच्या हातात आहे? ॲलेक्सामध्ये ‘ड्रॉप इन’ नावाची सोय आहे. परवानगी असलेला माणूस समोरच्यानं काही न उचलता थेट स्पीकरमधून खोलीतलं ऐकू शकतो. तेव्हा स्पीकरवर हिरवा प्रकाश फिरतो, पण स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या माणसाला तो दिसेलच असं नाही. ॲपमध्ये जाऊन त्या स्पीकरची आणि प्रत्येक संपर्काची ड्रॉप इन परवानगी तपासा. खातं दुसऱ्याच्या नावावर असेल तर स्पीकर रीसेट करून स्वतःच्या खात्यावर घ्या, किंवा सरळ प्लग काढा. माइक बंद करायचं बटण दाबल्यावर लाल प्रकाश येतो, तेवढंही रोजच्यासाठी चांगलं.

वायफाय कॅमेऱ्यांचंही असंच आहे. लोक चित्राचा विचार करतात आणि त्यातला माइक विसरतात. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग बंद करण्याचा पर्याय बहुतेक वेळा असतो. ॲप किती जणांशी शेअर केलंय ती यादी बघा, आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञानं स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडून दिलंय का तेही बघा. हे फार वेळा घडतं आणि घरमालकाला पत्ताच नसतो.

ब्लूटूथबद्दल दोन उदाहरणं नीट समजून घेण्यासारखी आहेत. जर्मनीच्या दूरसंचार नियामकानं फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ ही बोलकी बाहुली छुपं प्रक्षेपण यंत्र ठरवून तिच्यावर बंदी घातली. बाहुलीत ब्लूटूथ माइक होता आणि जोडणीला पिन लागत नव्हता, त्यामुळे दहा-एक मीटरमधला कुणीही स्वतःचा फोन जोडून मुलांच्या खोलीतलं ऐकू शकत होता. पिन न मागणारी स्वस्त खेळणी आणि स्पीकर आजही आपल्या बाजारात आहेत. दुसरं उदाहरण हेडफोनचं. जून २०२५ मध्ये ईआरएनडब्ल्यू या जर्मन सुरक्षा संस्थेनं ऐरोहा कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधल्या त्रुटी जाहीर केल्या. जवळपासचा हल्लेखोर पेअरिंग न करता अशा हेडफोनमध्ये शिरू शकत होता, आणि या चिप अनेक नामांकित ब्रँडच्या हेडफोनमध्ये होत्या. उपाय कंटाळवाणा पण नेमका आहे: हेडफोनचं अधिकृत ॲप घ्या, फर्मवेअर (हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, वापर नसताना हेडफोन डबीत ठेवा.

आणखी एक साधी युक्ती माहीत असू द्या. आयफोनच्या ‘लाइव्ह लिसन’ सोयीत फोन माइकचं काम करतो आणि आवाज एअरपॉड्समध्ये जातो. ही सोय कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. पण फोन टेबलावर ‘विसरून’ बाहेर व्हरांड्यात गेलेला माणूस तिचाच वापर करू शकतो. महत्त्वाचं बोलणं असेल तेव्हा खोलीत राहिलेला पाहुण्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात द्यावा, एवढंच.

सिमकार्डवाली यंत्रं

मुद्दाम लपवलेल्या यंत्रांत भारतात सिमकार्डवाला प्रकार जास्त लक्षात घ्यायला हवा. तो आगपेटीएवढा असतो, किंवा चार्जरच्या, एक्स्टेंशन बोर्डच्या पोटात बसवलेला असतो. लावणारा जगात कुठूनही त्या सिमला फोन करतो, यंत्र आवाज न करता फोन उचलतं आणि तो खोलीतलं ऐकतो. काही यंत्रं खोलीत आवाज झाला की स्वतःहून मालकाला फोन करतात. त्याला तुमचं वायफाय लागत नाही, म्हणून राउटरच्या यादीत ते कधीच दिसणार नाही.

यातली स्वस्त यंत्रं अजून टू-जीवर चालतात. ऑस्ट्रेलिया, सिंगापूरमध्ये टू-जी केव्हाच बंद झालंय, तिथे राहणाऱ्यांच्या घरात ही जुनी यंत्रं मुकी आहेत. आपल्याकडे टू-जी चालू आहे, त्यामुळे धोका चालू आहे आणि पकडायची एक जुनी, फुकटची रीतही चालू आहे. टू-जी फोन सलग लहर सोडत नाही. तो दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एक झटका सोडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ झटके. जवळच्या स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये हे झटके शिरले की ‘टक्‌-टक्‌-टक्‌, घर्रर्र’ असा आवाज येतो. टेपरेकॉर्डरजवळ मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी येणारा आवाज अनेकांना आठवत असेल. तो हाच.

चाचणी अशी करा. विजेवर चालणारा, ऑक्स वायर (हेडफोनसारख्या पिनेची वायर) लागणारा साधा स्पीकर घ्या. वायरचं दुसरं टोक मोकळं ठेवा आणि आवाज पूर्ण वाढवा. आधी स्पीकरची परीक्षा घ्या: एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं सिम असलेला फोन ‘फक्त टू-जी’ वर टाकून स्पीकरपासून एका हातावर कॉल करा. जिओचं टू-जी नेटवर्क नाही, ते सिम इथे उपयोगाचं नाही. स्पीकर घरघरला नाही, तर त्याला आतून चांगलं कवच आहे. तो बाजूला ठेवून दुसरा घ्या. घरघरला, तर घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाकून दूरच्या खोलीत ठेवा. संशयाच्या जागेपासून फूट-दीड फुटावर स्पीकर न्या आणि रेडिओवर बातम्या लावून दहा मिनिटं थांबा. आवाजावर जागं होणारं यंत्र असेल तर ते याच वेळात फोन लावायला निघतं. शांत खोलीत तपासणी करणारे नेमके इथे फसतात: झोपलेलं यंत्र काहीच पाठवत नाही, मग सापडणार काय?

या चाचणीची मर्यादाही स्पष्ट आहे. फोर-जीवर चालणारी नवी यंत्रं ही ओळखीची घरघर करत नाहीत. स्पीकर गप्प राहिला म्हणून खोली स्वच्छ ठरत नाही.

हातातला आरएफ (रेडिओ लहरींचा) डिटेक्टर

काही हजारांत मिळणारा डिटेक्टर रेडिओ लहरींची ताकद दाखवतो, त्या कोणाच्या आहेत ते सांगत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो चालू केला की त्यावरचे सगळे दिवे पेटतात, आणि लोक एक तर घाबरतात किंवा डिटेक्टर फेकून देतात. वापरायची रीत कळली तर मात्र तो कामाचा आहे.

राउटर बंद करा. फोन, टॅब, घड्याळं एअरप्लेन मोडवर टाका आणि ब्लूटूथ वेगळं बंद करा, कारण नव्या फोनमध्ये ते एअरप्लेन मोडवरही चालू राहतं. कॉर्डलेस फोन, वायरलेस माऊस, स्मार्ट बल्ब बंद. बातम्या चालू. आता खोलीच्या मध्यात उभं राहून डिटेक्टरची संवेदनशीलता कमी करत न्या, एकच दिवा पेटलेला राहील इतकी. मग प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागापासून पाच-दहा सेंटिमीटरवरून, सेकंदाला वीतभर याहून जास्त वेग न ठेवता फिरवा. अँटेना एकदा उभी, एकदा आडवी धरा.

बघायची गोष्ट एकच आहे: पेटलेल्या दिव्यांचा आकडा एका बिंदूकडे जाताना चढतो आणि दूर येताना उतरतो का? अंतर निम्मं झालं की लहरीची ताकद ढोबळमानानं चौपट होते. दोन मीटरवरून पाव मीटरवर आलात तर अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणजे ताकद ६४ पट. तीनशे मीटरवरच्या टॉवरच्या बाबतीत तुम्ही दोन मीटर सरकल्यानं काहीच फरक पडत नाही. खोलीभर सारखा राहणारा सिग्नल बाहेरचा, एका जागी उसळणारा घरातला.

उसळी मिळाली की घाईनं बोर्ड उघडू नका. एमसीबी (मेन बोर्डवरचे, एकेका लाइनची वीज तोडणारे स्विच) एकेक करून पाडा. हॉलचा एमसीबी पाडला आणि उसळी गेली, तर उगम त्या लाइनवर आहे. मग त्या लाइनवरचे प्लग एकेक काढा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टरही गोंगाट करतात, त्यामुळे दिवा काढल्यावर उसळी गेली तर तो बहुधा दिव्याचाच दोष. काही यंत्रांत छोटी राखीव बॅटरी असते, ती एमसीबी पाडल्यावरही थोडा वेळ बोलत राहतात. म्हणून प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटं थांबा. स्विचबोर्ड उघडायचाच असेल तर मेन बंद करून आणि वायरमनला बोलावूनच.

डिटेक्टरला मुळीच न दिसणारा प्रकार म्हणजे साधा व्हॉइस रेकॉर्डर. तो काहीच पाठवत नाही. सेकंदाला ६४ किलोबिट (केबीपीएस) दरानं ८ जीबीत सुमारे पावणेतीनशे तासांचं बोलणं मावतं. तो न्यायला मात्र कुणाला तरी परत यावंच लागतं. कारण नसताना पुन्हा पुन्हा येणारा आणि दर वेळी त्याच सोफ्यावर बसणारा माणूस हा त्याचा माग आहे. सोफ्याच्या खालचं कापड, गादीची शिवण, टेबलाचा तळ हातानं चाचपा.

चार्जरसाठी एक छोटी कसोटी सांगतो. त्याच मॉडेलचे दोन चार्जर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. दहा-वीस ग्रॅमचा फरक, काहीही न जोडता लागणारी ऊब किंवा कारण नसलेलं बारीक भोक, यातलं काहीही असेल तर तो बाजूला काढा. अधिकृत चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून उत्पादकाचं नाव जुळतं का ते बघता येतं.

राउटर काय सांगतो

वायफायवरून ऐकणारं यंत्र राउटरच्या पानावर दिसतं. जिओच्या राउटरला ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१, बऱ्याच इतरांना १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. प्रत्येकाचा बारा अक्षरी मॅक पत्ता असतो आणि त्यातली पहिली सहा अक्षरं उत्पादक सांगतात. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, बदलता पत्ता आहे. हल्लीचे फोन खासगीपणासाठी तसा वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. ‘एस्प्रेसिफ’ या चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर बहुधा तो तुमचा स्मार्ट बल्ब किंवा प्लग असतो. खात्री करायची तर तो बल्ब काढा आणि यादीतून नाव जातं का पाहा. सगळी उपकरणं अशी एकेक करून ओळखा. शेवटी जे उरतं, त्याचा अपलोड बघा. ३२ केबीपीएसचा सलग आवाज तासाला १४.४ एमबी, दिवसाला साधारण ३४५ एमबी होतो. बल्बला एवढं काही सांगायचं नसतं.

नंतर वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदला, राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून, पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद करा, आणि बल्ब, कॅमेरे, टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका. जुन्या पासवर्डवर टांगलेलं अनोळखी यंत्र तिथेच तुटतं.

सापडलं, तर

हात लावण्याआधी जागेसकट फोटो काढा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. सिम काढू नका. ते कोणाच्या ओळखपत्रावर घेतलंय हे मोबाइल कंपनीकडून पोलिसांनाच मिळतं, आणि पंचनाम्यात यंत्र जागेवर मिळालं तर त्याचं वजन वेगळं असतं. तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय ॲप घालणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत येतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पती-पत्नीमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. त्याचा अर्थ जोडीदाराच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप घालायची मुभा मिळाली असा काढणारे चुकतात.

जॅमर विकत घेऊ नका. खासगी व्यक्तीला तो वापरायला भारतात बंदी आहे, आणि तो शेजाऱ्यांचा आपत्कालीन फोनही बंद पाडतो. फोन स्टीलच्या डब्यात ठेवण्याचा उपायही भरवशाचा नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर असते, आणि झाकणाच्या कडेची लांबलचक फट तिला बाहेर पडायला बरेचदा पुरते. डब्यात फोन ठेवून त्यावर कॉल करून बघा, बहुतेक वेळा रिंग वाजते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावणं जास्त उपयोगी.

खोली एकदा स्वच्छ झाली की ती तशी राहिली का, हे कळण्यासाठी स्विचबोर्ड, एक्स्टेंशन बोर्ड आणि एसीच्या झाकणाच्या स्क्रूंवर चमकीचं नेलपॉलिश लावा, थोडं स्क्रूवर आणि थोडं बाजूच्या प्लॅस्टिकवर येईल असं. वाळल्यावर जवळून फोटो घ्या आणि तो घरातल्या फोनवर न ठेवता दुसरीकडे ठेवा. चमकीचे कण जसे पडतात तसे पुन्हा पाडता येत नाहीत. सुतार, रंगारी, केबलवाला किंवा पाहुणे येऊन गेल्यावर फोटो आणि स्क्रू शेजारी धरून पाहायला पाच मिनिटं लागतात.